सोन्याच्या पत्र्यावरचा गरुड

न्यूझीलंडच्या नोटा हाती आल्या की माणूस क्षणभर त्या खर्च करायचे विसरतो. १९९२ पासून तेथील प्रत्येक नोटेच्या एका बाजूला देशाने मानलेली थोर व्यक्ती आणि दुसऱ्या बाजूला त्याच मातीतला एक पक्षी अशी जोडी आहे. पाच डॉलरवर एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी आणि पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन. दहावर स्त्रियांना मताचा हक्क मिळवून देणाऱ्या केट शेपर्ड आणि डोंगरी ओढ्यांतले निळे बदक. वीसवर राणी दुसरी एलिझाबेथ आणि ससाणा, पन्नासवर माओरी नेते अपिराना न्गाता आणि कोकाको, तर शंभरावर अणूचे पोट फोडणारे रदरफोर्ड आणि मोहुआ नावाची पिवळ्या डोक्याची चिमणीएवढी पाखरे. लहान देशाने मोठ्या हौसेने मांडलेला हा संसार आहे.

पण एक पक्षी आणि एक नाव, एवढ्यावरच नाणे घडवण्याची कल्पना काही अलीकडची नाही. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी ती आजच्या रायपूरच्या आसपास प्रत्यक्षात आली होती, तीही शुद्ध सोन्यात. नागपूरहून हावडा मार्गाने जाणारे आपले कितीतरी वाचक रायपूरच्या फलाटावर चहा घेतात. तेथून थोड्या अंतरावर, महानदीच्या खोऱ्यात, ही नाणी जमिनीतून वर आली हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

हा प्रदेश त्या काळी दक्षिण कोसल म्हणून ओळखला जाई. पाचव्या-सहाव्या शतकात येथे शरभपुरीय नावाचे राजघराणे नांदत होते. त्यांची पहिली राजधानी शरभपूर. ती नेमकी कुठे होती यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. पुढे राजधानी श्रीपुरास, म्हणजे आजच्या सिरपूरला आली. रायपूरपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, महानदीच्या काठी असलेले हे सिरपूर तिथल्या विटांच्या लक्ष्मण मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. मंदिर मात्र शरभपुरीयांच्या नंतरचे.

आता नाण्याकडे वळू. आकाराने ते साधारण दोन सेंटीमीटर रुंद, वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास. एका तोळ्यात अशी नऊ नाणी बसावीत. कडेने टिंबांची माळ. मधोमध एक आडवी रेघ आणि तिने केलेले दोन भाग. वरच्या भागात पंख पसरून समोर तोंड करून उभा असलेला गरुड. त्याच्या एका अंगाला शंख, दुसऱ्या अंगाला चक्र, सोबत चंद्रकोर. रेघेखाली ठसठशीत अक्षरांत राजाचे नाव, 'श्रीमहेंद्रादित्य' किंवा 'श्रीप्रसन्नमात्र'. नावाखाली कुठे एखादे सुटे अक्षर, कुठे टिंबांचा पुंजका. बस्स. राजाचा चेहरा नाही, मुकुट नाही, हातात धनुष्य नाही.

नाणे उलटे केले की आणखी एक गंमत दिसते. मागच्या बाजूला दुसरे चित्रच नसते. पुढे जे उठून दिसते तेच मागे खोलगट आणि उलटे उमटलेले असते. कारण ही नाणी नेहमीसारखी दोन ठशांच्या मधे दाबून पाडलेली नाहीत. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठेवून तो पाठीमागून ठोकायचा, म्हणजे पुढच्या बाजूने आकृती फुगून येते. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक किंवा देवीचा मुखवटा घडवताना आपल्याकडचे सोनार हेच काम करतात. नाणी पाडण्याची ही तऱ्हा भारतात फारशी कोणी वापरलेली नाही. दक्षिण कोसल आणि त्याला लागून असलेला मुलूख हेच तिचे माहेर.

शेजारच्या बस्तरमध्ये नल राजांनीही हाच कित्ता गिरवला, फक्त गरुडाच्या जागी त्यांनी बसलेला नंदी आणला. ही नाणी कोंडागाव भागातल्या एडेंगा गावी सापडली. वराहराज, भवदत्त आणि अर्थपती या तीन राजांची एकूण ३२ नाणी होती ती. शरभपुरीय विष्णूचे भक्त, स्वतःला 'परमभागवत' म्हणवणारे, म्हणून त्यांच्याकडे विष्णूचे वाहन, नलांकडे शिवाचे. नाण्यावरचे वाहन पाहून घरातले दैवत ओळखावे, इतके ते सरळ होते.

या सगळ्या अभ्यासात एक मराठी नाव पुन्हा पुन्हा येते, महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचे. कोकणात, देवगड तालुक्यातल्या कुवळे गावी १८९३ साली जन्मलेला हा संस्कृतचा प्राध्यापक नागपुरात स्थिरावला आणि पाहता पाहता विदर्भ, छत्तीसगड आणि महाकोसल यांच्या विस्मृत राजघराण्यांचा चित्रगुप्तच बनला. 'मराठी वाचकांनी कालिदास वाचावा' म्हणून लिहिणारे मिराशी आणि गंजलेल्या ताम्रपटावर भिंग धरून बसणारे मिराशी एकच. कलचुरींच्या कोरीव लेखांचा त्यांचा प्रचंड ग्रंथ १९५५ साली आणि वाकाटकांचा १९६३ साली प्रसिद्ध झाला. एडेंग्याच्या नाण्यांचा पहिला नीट परिचयही त्यांनीच करून दिला. त्या नाण्यांवरचा भवदत्त हा राजा त्यांना परका नव्हताच. त्याचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, म्हणजे महानुभावांच्या रिद्धपूरला मिळालेला आहे आणि तो दिला होता नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून. बस्तरचा राजा थेट वाकाटकांच्या अंगणात येऊन दान देऊन गेला होता!

विदर्भाशी असलेला दुसरा धागा अक्षरांचा. या नाण्यांवरची लिपी पेटिकाशीर्षक ब्राह्मी आहे. म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर इवलीशी चौकोनी पेटी. वाकाटकांचे ताम्रपट ज्यांनी संग्रहालयात पाहिले असतील त्यांना ही पेटीवाली अक्षरे लगेच ओळखू येतील. वाकाटकांनी अजिंठ्याला लेणी कोरवली, कवींना आश्रय दिला, पण सोन्याची नाणी त्यांनी पाडल्याचे काही दिसत नाही. त्यांच्या वळणाची अक्षरे सोन्यावर चढली ती कोसलात.

खरा वाद आहे तो नाण्यावरच्या नावाचा. ही नाणी पाडली कोणी?

रायपूर जिल्ह्यातल्या खैरताल येथे एका ठिकाणी ५४ नाणी मिळाली, ती सारी महेंद्रादित्याची. त्याच जिल्ह्यातल्या पितईबंध येथे ४९ मिळाली, त्यांत ४६ महेंद्रादित्याची आणि ३ क्रमादित्याची. इतिहासाची पाने चाळलेल्या कोणाचेही कान येथे टवकारतील. कारण मगधाचा गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त याचे बिरुद 'महेंद्रादित्य' आणि त्याचा मुलगा स्कंदगुप्त याचे एक बिरुद 'क्रमादित्य'. बाप-लेक दोघांची बिरुदे एकाच हंड्यात! शिवाय गरुडध्वज हे तर गुप्तांचेच राजचिन्ह. तेव्हा ही नाणी गुप्तांची आणि छत्तीसगड त्यांच्या सत्तेखाली होते, असे काही संशोधकांनी म्हटले, यात नवल नाही.

पण नाणी समोरासमोर ठेवली की शंका येऊ लागते. गुप्तांचे सोन्याचे नाणे आठ ग्रॅमच्या घरातले, भरीव, दोन्ही बाजूंनी पाडलेले. त्यावर राजा दिसतोच दिसतो. कधी धनुष्य घेतलेला, कधी घोड्यावर, कधी सिंहाशी झुंजणारा. पाठीमागे देवी. भोवती डौलदार संस्कृत ओळी. कुमारगुप्ताला तर मोराचे भारी वेड, म्हणजे त्याच्या नाण्यांवर तसे दिसते. तो मोराला चारा घालतो आहे आणि मागे मोरावर बसलेला कार्तिकेय. नाव 'कुमार', तेव्हा कुमार कार्तिकेयाचे वाहन आलेच. अशा हौशी राजाने कोसलात मात्र स्वतःचे चित्र गाळून, पेटीवाल्या दाक्षिणात्य वळणाच्या अक्षरांत, कागदासारख्या पत्र्यावर नाणी का पाडावीत? आणि हीच नाणी मगधात का सापडू नयेत?

शिवाय प्रसन्नमात्राची नाणी अगदी याच घडणीची आहेत. तोच गरुड, तीच रेघ, तेच शंखचक्र. आणि प्रसन्नमात्र हा शरभपुरीय घराण्यातला राजा, याबद्दल संशय नाही. कोसलच्या राजाला 'महेंद्र' हे नावही परके नव्हते. समुद्रगुप्ताने दक्षिणेत ज्या राजांना हरवून सोडून दिले त्यांच्या यादीत कोसलच्या महेंद्राचे नाव प्रयागच्या स्तंभावर कोरलेले आहे. तो आपल्या नाण्यांवरच्या महेंद्रादित्याच्या बराच आधीचा. पण त्याच घराण्यात, त्याच प्रदेशात हे नाव पुन्हा ठेवले गेले असणे काही अशक्य नाही. एकूण पाहता हा महेंद्रादित्य स्थानिक राजा असावा, गुप्तांचा दबदबा पाहून त्याने बिरुदाचा थाट उचलला असावा, हे अधिक पटते. मोठ्या शहरातल्या दुकानाची पाटी पाहून गावातल्या दुकानदाराने तसेच नाव घ्यावे, असा हा प्रकार. तरीही वाद मिटलेला नाही हे सांगायलाच हवे. एखादा नवा ताम्रपट उद्या शेतात सापडला तर सारे चित्र बदलू शकते.

प्रसन्नमात्राची तर मौजच आहे. त्याची ओळख आपल्याला मुख्यतः सोन्यातूनच होते. त्याची नाणी छत्तीसगडात मिळाली, पश्चिम ओरिसात मिळाली आणि आपल्या पूर्व विदर्भातही मिळाली. सिरपूरला १९५३ ते १९५६ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या आणखी एका मराठी पुरातत्त्वज्ञाने उत्खनन केले. तेथे बौद्ध विहार उजेडात आले आणि त्या मातीतून या राजाचे एक सोन्याचे नाणेही निघाले. आठव्या शतकातले एक चिनी नाणेही तेथे सापडले, म्हणजे सिरपूरची ख्याती कुठवर पोचली होती ते कळते. उलट प्रसन्नमात्राच्या वंशजांचे ताम्रपट भरपूर. आरंगला, खरियारला, ठाकुरदियाला असे कितीतरी मिळाले. त्यांच्या मुद्रांवर गरुड नसून गजलक्ष्मी आहे आणि मजकुरात प्रसन्नाला समुद्राची आणि त्याच्या मुलाला त्या समुद्रातून वर आलेल्या चंद्राची उपमा दिलेली आहे. आजोबांचे नाव सोन्यावर आणि नातवंडांचे तांब्यावर!

आता कोणी विचारील, एवढ्या नाजूक नाण्याने बाजार कसा केला असेल? प्रश्न योग्य आहे. कनवटीला बांधले तर वाकेल, दोन हातांतून फिरले तर गरुडाचे नाक चेपेल. म्हणून काही अभ्यासकांना ही चलनी नाणी वाटतच नाहीत. राज्यारोहणाच्या वेळी, यज्ञाच्या दक्षिणेत किंवा मानकऱ्यांना देण्यासाठी ती घडवली असावीत, असे त्यांचे म्हणणे. पण एकेका हंड्यात चाळीस-पन्नास नाणी एकाच वजनाची निघतात, तेव्हा त्यांना नुसता बिल्ला म्हणून सोडूनही देता येत नाही. मोठ्या रकमेसाठी मोजून द्यायची आणि पुन्हा पेटीत ठेवायची पुंजी, असे काहीसे तिचे रूप असावे. भाजीपाल्याला ती नक्कीच नव्हती.

नाणे आणि दागिना यांच्यातली सीमारेषा आपल्याकडे नेहमीच पुसट राहिली आहे. छत्तीसगडच्या खेड्यांत जुन्या चांदीच्या रुपयांना कडी लावून केलेली 'रुपिया' माळ बायका गळ्यात घालत आल्या. राणी व्हिक्टोरिया आणि पंचम जॉर्ज तेथे अजूनही पेटाऱ्यांत लटकलेले सापडतील. तेथला आणखी एक दागिना म्हणजे 'पुतरी', सोन्याच्या गोल चकत्यांची माळ. आपल्या पुतळीमाळेची ही सख्खी बहीण शोभावी. पुतळी हे नाव पडले चकतीवरच्या मनुष्याकृतींवरून आणि त्या आकृती मूळच्या कोणाच्या, तर इटलीतल्या व्हेनिस शहराच्या! व्यापाराबरोबर आलेल्या व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर तेथला सत्ताधीश संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला असे. हे सोने चोख, म्हणून आपल्या सोनारांनी त्याच्या नकला घडवल्या. अशा रीतीने परक्या मुलखातला एक संत मराठी सुनांच्या गळ्यात जाऊन बसला आणि कोणाला पत्ताही लागला नाही.

गरुडानंतर छत्तीसगडच्या नाण्यांवर दुसरे प्राणी आले. रतनपूरच्या कलचुरींनी सोन्यावर हत्तीला नमवणारा सिंह आणला आणि तांब्यावर हनुमान. पुढे याच रतनपुरात बिंबाजी भोसले राहिले आणि नागपूरकर भोसल्यांच्या अमलाबरोबर मराठी कुटुंबे या भागात रुजली. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून आहे. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

स्वतंत्र भारताने नोटांवर कोणाला बसवायचे हा प्रश्न सुरुवातीलाच आला होता. इंग्रज राजाच्या जागी गांधीजींचे चित्र घ्यावे असा विचार होता, चित्रेही तयार झाली होती, पण शेवटी सारनाथच्या सिंहांवर शिक्कामोर्तब झाले. गांधीजी नोटेवर प्रथम आले ते १९६९ साली, जन्मशताब्दीच्या निमित्ताने आणि तेव्हा त्यांच्या पाठीशी चित्र होते वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमाचे. १९८७ साली ते पाचशेच्या नोटेवर आणि १९९६ पासून सर्वच नव्या नोटांवर आले. याच गांधीजींनी १९३३ साली वर्ध्याहून हरिजन यात्रेला निघून छत्तीसगडचा दौरा केला होता. रायपूरशी नाते असलेली आणखी एक थोर व्यक्ती नाण्यावर आहे. १८७७ च्या सुमारास दोनेक वर्षे रायपुरात राहिलेला कलकत्त्याचा नरेंद्र नावाचा मुलगा, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद. त्यांच्या दीडशेव्या जयंतीचे पाच रुपयांचे नाणे २०१३ साली निघाले. महाराष्ट्राच्या वाट्याला १९९० साली डॉ. आंबेडकरांचा रुपया आणि १९९९ साली ज्ञानेश्वरांचा रुपया व शिवछत्रपतींचे दोन रुपये आले. पक्ष्यांचे नशीब मात्र बेताचेच. एकेकाळच्या दहाच्या नोटेवर मोर होते, ते उडून गेले. बस्तरची पहाडी मैना छत्तीसगडचा राज्यपक्षी आहे, माणसाच्या बोलीची हुबेहूब नक्कल करते, पण तिला अजून कोणी नोटेवर बोलावलेले नाही.

रायपुरात हा सारा इतिहास पाहायचा तर महंत घासीदास स्मारक संग्रहालय गाठावे. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ साली ते उभे केले. देशातल्या जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. सध्याच्या इमारतीचे उद्घाटन १९५३ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. सिरपूरच्या धातुमूर्ती, ताम्रपट, शिलालेख असा मोठा ठेवा तेथे आहे.

पण संग्रहालयात पोचते ते किती आणि मुशीत जाते ते किती? सव्वा ग्रॅम सोने कोणाचेही मन चळवायला पुरेसे आहे. नांगराच्या फाळाला मडके लागते, आत चकचकीत चकत्या निघतात, रात्रीतून त्या वाटल्या जातात आणि सकाळी सोनाराकडे पोचतात. पत्रा पातळ, त्यामुळे वितळायला वेळही लागत नाही. गरुड गेला, नाव गेले आणि कोणत्या गावात कोणाच्या नाण्यांबरोबर ते होते ही माहितीही गेली. पितईबंधच्या ३ नाण्यांचेच पाहा. ती जर ४६ मधून वेगळी काढून कोणी विकली असती, तर महेंद्रादित्य आणि क्रमादित्य एकाच हंड्यात होते हे कोणाला कळलेच नसते. वाद सोडाच, प्रश्नही पडला नसता.

लोक घाबरतात ते कायद्याला. सरकार सारे काढून घेईल, वर चौकशीचा ससेमिरा लावील, अशी समजूत खेड्यापाड्यांत पक्की आहे. प्रत्यक्षात १८७८ सालचा गुप्तधनाचा कायदा शोधणाऱ्यावर तितका रागावलेला नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर ते काय आहे, कुठे आणि केव्हा मिळाले हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. मूळ धनी निघाला नाही तर शोधणाऱ्याचा हक्क मान्य होतो. जमिनीच्या मालकाने हक्क सांगितला आणि दोघांत वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला. सरकारला तो ठेवा संग्रहालयासाठी हवा असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक मोजून तो घेता येतो. लपवणाऱ्याचा मात्र वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे हिशेबानेही पाहिले तरी सोनाराच्या तराजूपेक्षा कचेरीची पायरी फायद्याची.

आणि कचेरीत जाण्याआधी, जे मिळाले त्याची नोंद घरच्या वहीत तरी करावी. किती नाणी, कोणत्या शेतात, किती खोल, मडके कसले. तेव्हाच्या बिलासपूर जिल्ह्यातील किरारी गावी १९२१ च्या उन्हाळ्यात तळे आटले. गाळ काढताना लोकांना एक लाकडी खांब मिळाला. त्यावर दुसऱ्या शतकातली अक्षरे कोरलेली होती. इतकी शतके पाण्याखाली टिकलेले ते लाकूड वर येऊन उन्हात पडताच वाळू लागले, त्याचे टवके उडू लागले आणि टवक्यांबरोबर अक्षरेही. सुदैवाने एका जाणत्या गृहस्थाने ती लिपी वाचता येत नसतानाही जशी दिसली तशी कागदावर उतरवून घेतली होती. खांब आज रायपूरच्या संग्रहालयात उभा आहे. त्यावरून झडून गेलेली अक्षरे विद्वान वाचतात ती त्या कागदावरून.